पाहुणीचा आवाज, घरचा आवाज

डोळे वटारून भांडणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आणि त्यांतल्या बहुतेकांना पुरून उरलो. पण डोळे मिटून भांडण जिंकणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. आमचं गाव मध्य प्रदेशात, तापीकाठी; तिथल्या केळीच्या धंद्यात मी हमालीपासून सुरुवात केली. घड डोक्यावर वाहिले, ट्रकमध्ये पाला अंथरला, थोडी केळी स्वतः पिकवली, मग हळूहळू स्वतः सौद्याला उभा राहायला लागलो. समोरचा ओरडला की आपण त्याहून जोरात ओरडायचं आणि तो उठून जायला निघाला की आपण त्याच्या आधी उठायचं, एवढं शिक्षण मला जन्मभर पुरलं. साडूभाऊंपुढे मात्र ते सगळं फुकट गेलं. मी आवाज चढवला की ते डोळे मिटून घेत. झोप लागली म्हणावं तर चेहरा लक्ष देऊन ऐकणाऱ्याचा. ऐकताहेत म्हणावं तर उत्तर नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. एकदा मी सहज विचारलं, "साडूभाऊ, चहा घेणार का?" ते गप्प. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात चपला काढता काढता म्हणाले, "हो, अर्धा कप." अशा माणसाशी सौदा करायचा कसा? आपण रागाच्या भरात भाव वर नेतो, खाली आणतो, स्वतःशीच तडजोड करून मोकळे होतो, आणि हा मनुष्य तोवर कुठल्या तरी ढगावर जाऊन बसलेला असतो.

नात्यानं ते थोरले. त्यांची बायको मोठी बहीण, माझी धाकटी. त्यामुळे सासुरवाडीला पहिला पाट त्यांचा, धोंड्याच्या महिन्यात अनारशांचं पहिलं ताट त्यांच्यापुढे, आणि सासूबाईंच्या तोंडी पहिलं नावही त्यांचंच. याबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती मी आजही मागे घेतलेली नाही. कारण सासरे गेल्यावर जैनाबादचं घर बंद करून सासूबाईंना गावातल्या लालबागला, माझ्या घरी आणलं कोणी? मी. त्यांच्या खोलीला दक्षिणेची खिडकी पाडून घेतली कोणी? मी. आणि शेजारपाजारी त्या काय सांगायच्या? "मोठे जावई रोज येतात हो माझ्याकडे." रोज येतात हे खरं. त्यांच्या लोधीपुऱ्यातून सायकल हातात धरून चालत येत. सायकलवर ते क्वचितच बसत, कारण सायकल चालवताना डोळे उघडे ठेवावे लागतात.

साडूभाऊ मुलींच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात बसतात किंवा सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. हे कॉलेजच्या पोरापोरींबरोबर एका क्लासच्या बाकावर जाऊन बसले आणि वेबसाइट करायला शिकले. शिकले ते शिकले, पण त्यातून त्यांच्या डोक्यात एक भलतंच खूळ शिरलं. ज्याला दिसत नाही, किंवा कमी दिसतं, त्याला हे जग कसं लागत असेल, याचा ते पत्ता काढत फिरायला लागले. भर बाजारात डोळे मिटून चालून पाहत. एकदा पेरूच्या हातगाडीवर आदळले आणि गाडीवाल्याला म्हणाले, "तू ओरडत का नव्हतास? मला कळणार कसं पेरू आहेत म्हणून?" गाडीवाला बिचारा क्षमा मागून मोकळा झाला. एका लग्नाच्या पंगतीत नुसत्या वासावर मावा जिलेबीपर्यंत पोचता येतं का, हे बघायला निघाले आणि खरकट्या ताटांच्या टोपात कोपरापर्यंत हात घालून उभे राहिले. वर मला सांगतात कसे, "वास बरोबर होता, साडूभाऊ. जिलेबी कालची होती."

फिकट अक्षरांचा तर त्यांना इतका राग, की बाकी कशाचाच राग न येणाऱ्या त्या माणसातला सगळा राग तिथं जाऊन साठला असावा. दुकानांच्या पाट्यांपुढे ते सायकल धरून उभे राहत आणि आत जाऊन मालकाला हळूच सांगत, "तुमचा पिवळा रंग पांढऱ्यात बुडून राहिला आहे, त्याला वर काढा." माझ्या थोरल्याच्या लग्नाची पत्रिका मी हौसेनं छापून घेतली होती. मरून कागद, त्यावर सोनेरी वळणदार अक्षरं, उजेडात धरली की चकाकणारी. पत्रिका दिल्याच्या दुसऱ्या दिवशी साडूभाऊ आले आणि म्हणाले, "पत्रिका मिळाली. लग्न कोणाचं आहे ते कळलं नाही." बायकोच्या सख्ख्या भाच्याचं लग्न. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलं की नाही याचाही मला पत्ता लागला नाही.

पण त्यांची सगळ्यात मोठी सवय वेगळीच होती. ते दिसेल ते शब्दांत सांगत. ही सवय सासूबाईंमुळे लागली. सासूबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू झाला आणि उशिरा कळला. आधी कडेचं गेलं, मग मधलं, मग उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. साडूभाऊ आमच्या ओट्यावर त्यांच्या बाजेच्या कडेला बसत, आणि डोळे मिटून, आधी बघून घेतलेलं आभाळ त्यांना सांगत. "आज पश्चिमेला धुतलेलं जांभळं लुगडं वाळत घातलंय, आई. काठ अजून ओला आहे." कधी येताना तापीवरून वळसा घालून येत आणि सांगत, "पाणी आज कसं होतं माहीत आहे? पाटीवर ओलं बोट फिरवावं ना, ते सुकायच्या आधी दिसतं तसं." सासूबाई ऐकत राहत. मीही दारात उभा राहून ऐकत असे. मग मला आठवे, की खिडकी मी पाडून घेतली होती.

सासूबाईंना खरं दुःख आभाळ दिसत नाही याचं नव्हतंच. त्यांना वाचता येत नाही याचं होतं. आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाची सगळी कपाटं त्यांनी वाचून काढली होती. मंडळाचा एक मासिक अंक निघतो. त्यात गावातलेच लोक लिहितात, कोणी नर्मदेच्या परिक्रमेबद्दल, कोणी करवंदाच्या लोणच्याबद्दल, आणि सासूबाई तो जाहिरातींसकट वाचत. डोळे गेल्यावर ही त्यांना वाचून दाखवायची, पण हिचा एक कान कुकरकडे. दोन शिट्ट्यांच्या मध्ये जेवढं बसेल तेवढं वाचायची आणि उरलेलं गाळायची. मी वाचायला बसलो तर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही वाचून राहिले की भाव पुकारून राहिले?" मी अंक मिटवला. तेव्हा त्या जे बोलल्या ते माझ्या लक्षात आहे. "रागावू नका. तुम्ही सगळे चांगलं वाचता. पण मला कोणी वाचून दाखवायला नाही पाहिजे. मला वाचायचं आहे. मनाला येईल तेव्हा, मनाला येईल ते, कोणाला आवाज न देता."

साडूभाऊ तिथंच होते. त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी आले आणि मला म्हणाले, "मंडळाची वेबसाइट नव्यानं करावी लागेल."

आता मंडळाचा अध्यक्ष मी, आणि ती वेबसाइट माझ्या कारकिर्दीतली. लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका दुकानदाराकडून ती मी करून घेतली होती, आणि लग्नाच्या अल्बमसारखीच ती देखणी होती. उघडली की वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत. सनई आपोआप वाजे. हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं उजवीकडून डावीकडे पळत, आणि त्यांच्या वर अर्ध्या पानाचा माझा फोटो, फेटा बांधून सभागृहाची फीत कापतानाचा. लोक तो पाहायला म्हणून वेबसाइट उघडत, असा माझा समज होता. साडूभाऊ म्हणाले, "मजकूर वाचायचा तर त्याच्या मागे पळावं लागतं. आणि सगळे अंक तुम्ही फोटो काढून लावलेत. तुम्हाला ती अक्षरं दिसतात. मोबाइलला ते चित्र आहे."

म्हणजे काय ते त्यांनी ओट्यावर करून दाखवलं. मोबाइलमध्ये पडद्यावरचं वाचून बोलणारी एक सोय असते. बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते एक बाई सांगते. त्यांनी ती सुरू करून मोबाइल सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी बोट ठेवलं. बाई म्हणाली, "इमेज." खाली सरकवलं. "इमेज." आणखी खाली. "बिना लेबल वाला बटन." मग परत, "इमेज." जन्मभर वाचत आलेल्या त्या बाईंनी आमच्या मंडळाचा सगळा खजिना वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिला आणि मोबाइल परत दिला. "हिला कोणी काही सांगून तर ठेवा," त्या म्हणाल्या, "बिचारीला काहीच मालूम नाही."

माझा विरोध तिथं संपला, पण माझी तक्रार तिथूनच सुरू झाली. साडूभाऊंनी पाकळ्या काढल्या, ते मी सोसलं. सनई बंद केली, तेही. पण माझा फोटो त्यांनी पोस्टाच्या तिकिटाएवढा केला आणि तिसऱ्या पानावर नेऊन ठेवला. पहिलं पान कसं? तर दुधाच्या सायीचा रंग, त्यावर काळीभोर ठळक अक्षरं, आणि मधे मोकळी जागा. इतकी मोकळी, की मला वाटलं काहीतरी चढवायचं राहून गेलंय. "इथं काय येणार?" मी विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "इथं डोळ्यानं जरा बसायचं आहे."

मग ते दुपारमागून दुपार वाचनालयात बसून जुने अंक अक्षर अक्षर टाइप करत राहिले. आणि जिथं जिथं चित्र होतं तिथं तिथं, न दिसणाऱ्यासाठी, त्या चित्राला शब्द दिले. ते शब्द पानावर दिसत नाहीत. चित्राच्या पाठीशी लपून असतात आणि फक्त त्या बोलणाऱ्या बाईला सापडतात. माझ्या फोटोच्या पाठीशी काय लपवलंय ते मी विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं. "फेटा बांधलेले एक स्थूल गृहस्थ फीत कापत आहेत. कात्री उलटी धरली आहे."

त्या दिवशी जो सौदा झाला तसा मी मंडीतही कधी केला नाही. मी म्हटलं, "स्थूल काढा."

"दिसतं," ते म्हणाले.

"दिसतं ते सगळं सांगायचं असतं का? दानशूर लिहा. समाजभूषण लिहा. प्रसिद्ध केळी व्यापारी तर लिहालच."

"फोटोत केळी नाहीत."

"मग दानशूर?"

"तेही फोटोत नाही. फोटोत फीत आहे."

मी खाली उतरलो. समाजभूषण सोडलं, दानशूर सोडलं, प्रसिद्ध सोडलं. शेवटी म्हटलं, "लोकप्रिय एवढं तरी. साडूभाऊ, इतक्या खाली मी सख्ख्या भावासाठी आलो नसतो." त्यांनी डोळे मिटले. मला आशा वाटली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "पुन्हा पाहिला. फोटोत तुमच्या मागे एकही माणूस उभा नाही." इतकं रक्त आटवून माझ्या पदरात पडलं ते एवढंच, की 'स्थूल'चं 'भरदार' झालं. कात्री उलटी राहिली. केळीचा धंदा फोटोखालच्या परिचयात टाकतो म्हणाले, आणि टाकला.

त्या परिचयानं पुढचं सगळं रामायण घडलं. नवी वेबसाइट तयार झाली तेव्हा साडूभाऊंनी सगळ्यांच्या आधी ती सासूबाईंच्या हातात दिली. आम्ही ओट्यावर जमलो. सासूबाईंनी बोट ठेवलं आणि या वेळी ती बाई बोलायला लागली. वाचनालयाची वेळ सांगितली, अंकाचं नाव सांगितलं, करवंदाच्या लोणच्याचं मीठसुद्धा सांगितलं. सासूबाईंचा चेहरा बघत राहावा असा झाला होता. बोट पुढे सरकत सरकत तिसऱ्या पानावर माझ्या परिचयाशी आलं. साडूभाऊंनी लिहिलं होतं, "यांनी आधी केळी वाहिली, मग केळी केली, मग केळी विकली." पण त्या बाईला 'ळ' म्हणताच येत नव्हता. ती आपली ठणठणीत हिंदी घाटात म्हणाली, "यांनी आधी केली वाहिली, मग केली केली, मग केली विकली."

सासूबाई हसून हसून ठसकल्या. "केली केली काय? काय केली? एवढा मोठा माणूस, आणि काय केलं तेच सांगून नाही राहिली ही पोरगी." 'जावई'तला 'ज' ती 'जिलेबी'सारखा म्हणायची, 'माझं'मधला 'झ' 'झेंड्या'सारखा. सासूबाईंना ते फार आवडलं. "आपल्याकडचीच आहे कोणी," त्या म्हणाल्या. "शिकलेली आहे, पण घरात हिंदी जास्त होत असेल." त्या दिवसापासून त्यांच्या खोलीतून दोघींचा आवाज येऊ लागला. पोरगी वाचायची आणि सासूबाई तिला मधेच दुरुस्त करायच्या. "केली नाही ग बाई, केळी. जीभ वर लाव." मग त्या मनाशी हसत, आणि पुढचं ऐकत. कोणाला हाक न मारता.

हे असंच चाललं असतं. पण मंडळाच्या सभेत चिटणिसांनी विषय काढला. चिटणीस कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले; ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर त्यांना रात्री घास जात नाही. ते म्हणाले, "मराठी मंडळाची वेबसाइट आणि उच्चार असे? हे ऐकून बाहेरगावचे लोक काय म्हणतील?" साडूभाऊंनी डोळे मिटले, आणि दुसऱ्या दिवशी शोध लावून आले. प्रत्येक पानाच्या पोटात, कोणाला न दिसणारी, एक ओळ असते. हे पान कोणत्या भाषेत आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं, आणि ती पाहूनच मोबाइल वाचणारी बाई निवडतो. आमच्या शूटिंगवाल्यानं, गाव मध्य प्रदेशातलं म्हणून, तिथं बेधडक 'हिंदी' लिहून ठेवलं होतं, आणि साडूभाऊंनी जुन्याची नवी केली तेव्हा ती ओळ तशीच आली होती. म्हणजे इतके दिवस हिंदी वाचणारी पोरगी आमची मराठी वाचत होती. साडूभाऊंनी त्या जागी 'मराठी' लिहिलं. लगेच दुसरीच बाई आली. काय तिची वाणी. 'ळ' असा, की पितळी घंगाळावर टिचकी मारावी. चिटणिसांनी डोळे पुसले. सभेनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी मात्र सासूबाईंच्या खोलीतून आवाज यायचा बंद झाला. दोन-चार दिवस मी लक्ष दिलं नाही. मग एकदा पाहिलं तर मोबाइल उशीखाली, आणि सासूबाई बाजेवर नुसत्या बसलेल्या. मी विचारलं, "आई, बिघडला का?"

"नाही हो. चांगला आहे."

"मग वाचत का नाही?"

त्यांनी उशीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "ती पोरगी कुठं गेली?"

मी त्यांना समजावलं, की ही नवी बाई जास्त चांगली, शुद्ध बोलणारी, तिचा 'ळ' बघा. सासूबाई म्हणाल्या, "हो, लई चांगली आहे. पण ती पाहुणी वाटते, जावईबापू. ती पोरगी घरची होती. हिच्यासमोर पाय पसरून नाही बसता येत. हिला मी काय दुरुस्त करू? हीच मला दुरुस्त करेल असं वाटून राहिलं."

मी तसाच स्कूटर काढून लोधीपुऱ्यात गेलो. साडूभाऊ अंगणात तुळशीजवळ बसले होते. मी म्हटलं, "ती ओळ पुन्हा हिंदी करा. आत्ताच्या आत्ता." अपेक्षेप्रमाणे डोळे मिटले गेले. मी पुष्कळ बोललो. आईंचं पाहुणीचं आणि घरचीचं बोलणं ऐकवलं, मग अनारशांपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं बोललो. शेवटी दम लागून खाली बसलो, तर त्यांनी तांब्या पुढे केला.

सभा पुन्हा भरली. मी अध्यक्षाच्या खुर्चीतूनच सांगितलं, की भाषेच्या ओळीत पहिल्यासारखं 'हिंदी' लिहायचं. चिटणीस उभे राहिले. ते रागानं बोलले असते तर मी त्यांना झोपवलं असतं. पण त्यांचा आवाज कापत होता. "अध्यक्ष," ते म्हणाले, "राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा आपले वडीलधारे या बाजूला राहिले. त्यांनी हे मंडळ काढलं ते कशासाठी? आपली भाषा कोणती, हे कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून. आणि आता आपण आपल्याच हातानं लिहून द्यायचं, की हे हिंदी आहे?" माझ्या डोळ्यांपुढे उशीखालचा मोबाइल होता, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचे वडील. दोन्हींतलं एक मोडल्याशिवाय निकाल लागेल असं मला दिसेना. मी टेबलावर हात आपटला, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तेव्हा कधी नव्हे ते साडूभाऊ त्याच दिवशी बोलले. डोळे मिटलेलेच होते. "दोन्ही ठेवू," ते म्हणाले. "पान मराठीच राहील, ओळीत मराठीच असेल. पण वर दोन बटणं देऊ. ज्याला जो आवाज पाहिजे तो घेईल. दुसऱ्या बटणामागे तेच पान, फक्त वाचणारी वेगळी." चिटणीस थोडे नरमले. म्हणाले, "चालेल. पण बटणांवर स्पष्ट लिहा. एकावर शुद्ध, एकावर अशुद्ध." यावर मी खुर्चीतून उठलो. माझी सासू अशुद्ध ऐकते, असं माझ्या सभागृहात माझ्यासमोर कोणी लिहिणार असेल, तर त्यानं आधी मला फीत कापायच्या उलट्या कात्रीनं कापावं, असं काहीसं मी बोललो. साडूभाऊंनी मला बाहीला धरून खाली बसवलं. "नावं आईंनी दिली आहेत," ते म्हणाले. "तुम्हीच मला ऐकवलीत, परवा, ओरडताना. पाहुणीचा आवाज. आणि घरचा आवाज."

चिटणिसांनी ते शब्द दोनदा मनाशी म्हणून पाहिले आणि चष्मा काढून पुसत बसले. पुढे मी असं ऐकलं, की घरी एकटे असले की तेही दुसरंच बटण दाबतात. मी त्यांना विचारलेलं नाही. कधीतरी सौद्यात उपयोगी पडेल म्हणून ठेवलंय.

आता साडूभाऊ इथं नाहीत. लेकीनं फार दिवस आग्रह धरला होता, शेवटी दोघांना पुण्याला घेऊन गेली. सायकल माझ्या ओट्याला टेकवून ठेवून गेले, मला म्हणाले, "अधूनमधून धरून चालत जा." सासूबाई सांगतात, "मोठे जावई पाहुणीच्या गावाला गेले." अजूनही पहिलं नाव त्यांचंच.

ते गेल्यावर सासूबाई एकदा नव्या वेबसाइटच्या उद्घाटनाचा फोटो ऐकत होत्या. पोरगी सांगत होती: हार घातलेला संगणक, चष्मा पुसणारे चिटणीस, मध्यभागी भरदार अध्यक्ष. सासूबाईंनी विचारलं, "मोठे जावई नव्हते का तिथं?" मी चष्मा लावून फोटो पाहिला. होते. अगदी कडेला, अर्धे दाराआड. सगळ्यांना शब्द दिले आणि स्वतःला गाळून टाकलं. मला असा संताप आला. मी पुण्याला फोन लावला आणि म्हटलं, "साडूभाऊ, हा काय हलगर्जीपणा? तुमच्याबद्दल काय लिहू ते सांगा." दुसऱ्या दिवशी फोन आला. "दिसतं ते," म्हणाले आणि ठेवून दिला.

मी बसलो. प्रेमळ लिहिलं, खोडलं. विद्वान लिहिलं, खोडलं. फोटोत नव्हतं. शेवटी जे उरलं ते, साडूभाऊ जाताना शिकवून गेले होते तसं, त्या चित्राच्या पाठीशी लपवून ठेवलं, आणि घरच्या आवाजानं ते सासूबाईंना वाचून दाखवलं. "उजवीकडे, दाराच्या आड, एक सडपातळ गृहस्थ उभे आहेत. हातात सायकलची किल्ली आहे. डोळे मिटलेले आहेत."

सासूबाईंनी तिथं बोट पुन्हा ठेवलं. पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, "उघडे आहेत असं लिहून टाका की. तुमच्याच हातात आहे."

"तसं दिसत नाही, आई," मी म्हटलं.

संध्याकाळ झाली होती. ओट्यावरून उन्हं उतरत होती. त्यांनी विचारलं, "आभाळ कसं आहे?" मला लुगडं आणि काठ काही येत नाही. मी नीट बघून घेतलं, मग का कोण जाणे, डोळे मिटले आणि म्हटलं, "कालच झाडावरून उतरवलेली केळी असतात ना, अजून हिरवी, पण हात लावला की कळतं उद्या पिवळी होणार. तसं आहे."

सासूबाईंनी तिकडे तोंड वळवलं. "हे मोठ्यांना कळवा," त्या म्हणाल्या.

कळवलंय. उत्तर उद्या येईल.